पिल्लू, मोकळ्या कोंबड्या आणि १० मीटरची लाँग लाइन: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. लाँग लाइन म्हणजे कुत्र्याला शिकवताना लावायची लांब दोरी, आणि ही दोरी कुत्र्याला काहीच शिकवत नाही, शिकवायचं तुम्हालाच आहे. पण मागच्या बाजूला कोंबड्या मोकळ्या फिरतायत आणि घरात नवीन पिल्लू आणलंय, तर लोक जे काय काय घ्यायला सांगतात, क्लिकर (टक्क आवाज करणारं बटण), शिट्टी, पाण्याचा स्प्रे, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा), मझल (तोंडावर बांधायची जाळी), त्यातली एकच वस्तू ठेव बाकीचं देऊन टाक म्हटलं तर मी हीच ठेवेन. साडेचार स्टार. अर्धा हुकमुळे गेला, ते खाली सांगते.

वस्तू अशी: १० मीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद, बायोथेनची. बायोथेन म्हणजे आत पॉलिस्टरची विणलेली पट्टी आणि वरून प्लास्टिकचं कोटिंग, हाताला जरा रबरी लागतं. कोंबड्यांच्या घरी याचा खरा फायदा हा की ती पाणी पीत नाही आणि घाण धरून ठेवत नाही. लाँग लाइन सगळा वेळ जमिनीवरून फरफटत असते आणि कोंबड्या फिरतात तिथली जमीन कशी असते हे कोंबड्यावाल्यांना सांगायला नको. आधीची नायलॉनची होती तिला काही दिवसांत असा कुबट वास यायला लागला की घरात ठेवायची सोय राहिली नाही, आणि सुती पट्टी ओली झाली की जड होते आणि वाळता वाळत नाही. ही नळाखाली धरायची, साबणाचा हात फिरवायचा, फडक्याने पुसायची, झालं. गवतात, झुडपात, खुराड्याच्या पायाला अडकते का तर अडकते, पण गाठ बसत नाही, ओढली की बहुतेक वेळा सुटून येते. हातातून सर्रकन गेली तर तळवा हिच्यानेही भाजतो, नायलॉनपेक्षा कमी एवढंच, तेव्हा हातमोजे घाला आणि दोरी हाताला गुंडाळून घ्यायची नाही म्हणजे नाही, बोटं मोडतात लोकांची.

रुंदीचं म्हणाल तर छोट्या मध्यम पिल्लाला १३ पुरे. अंगाने दांडगं होणारं असेल तर १६ किंवा १९ घ्या. पण उगाच जाड घेऊ नका कारण दोरी आहे हे पिल्लाला जाणवलंच नाही पाहिजे, नाहीतर ते हुशार असतं, दोरी लावली की शहाण्यासारखं वागतं आणि काढली की मूळ पदावर.

आता प्रश्न येईल की एवढी लांब कशाला, साधा पट्टा काय वाईट आहे. साध्या दीड मीटरच्या पट्ट्यावर पिल्लू कोंबड्यांसमोर आणलं की पट्टा कायम ताणलेला, त्याचा जीव तिकडे आणि तुम्ही इकडे ओढताय, हे रोज झालं की कोंबडी दिसणं म्हणजेच अंगात येणं असं समीकरण पक्कं होतं. आणि मोकळं सोडलं तर पळापळ. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते जी पॅकेटवर कुणी छापत नाही. पिल्लू कोंबडीमागे धावतं ते भूक लागली म्हणून नाही. शिकारीच्या पायऱ्या असतात, दिसणं, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, झडप घालून पकडणं, मारणं, मग फाडून खाणं, आणि माणसाने वेगवेगळ्या जातींत यातल्या काही पायऱ्या वाढवल्या, काही दाबल्या. बॉर्डर कॉली टक लावून दबा धरण्यात आणि वळसा घालून पळवण्यात तरबेज, पॉइंटर जागच्या जागी थिजतो, रिट्रीव्हर तोंडात धरून आणतो, टेरिअरमधे पकडून झटका द्यायची पायरी अजून चांगलीच जिवंत आहे. मुद्दा हा की यातली प्रत्येक पायरी कुत्र्याला स्वतःहूनच मजा देते. पळणं हेच बक्षीस. एकदा एक मस्त पाठलाग झाला, कोंबडी कलकलाट करत पंख फडफडवत पळाली, की तुमच्या हातातला खाऊ त्यापुढे काहीच नाही, आणि तुम्ही मागून ओरडत पळालात तर त्याला वाटतं अरे वा हे पण आलेत खेळायला. म्हणून पहिलं काम शिकवणं नाही, पहिलं काम म्हणजे पाठलाग एकदाही होऊ न देणं. त्यासाठी दोरी.

पण दोरीचा वापर लोक ब्रेकसारखा करतात आणि मग एक स्टार देऊन लिहितात की कुत्र्याने झटका दिला, खांदा दुखावला. साधा हिशोब करा. कुत्रा ताशी ३६ किलोमीटरने पळाला तर सेकंदाला १० मीटर होतात, आणि बरेच कुत्रे त्याहून जोरात पळतात. म्हणजे अख्खी लाइन एका सेकंदात संपली. शेवटच्या टोकाला जो झटका बसतो तो कुत्र्याच्या अंगाला आणि तुमच्या खांद्याला सारखाच. आमच्या घरात आता नियमच झालाय, लाइन ताणली गेली म्हणजे माणूस उशीरा जागा झाला. ढिली पडलेली असताना जे होतं तेवढंच शिक्षण, ताणल्यावर नुसतं धरून ठेवणं.

मग जागं कधी व्हायचं तर पळायच्या आधी. आमची झिपरी (मिक्स आहे, थोडी टेरिअर असावी असा संशय, उंदीर दिसला की खात्री) कोंबडीकडे बघताना तोंड उघडं असेल, जीभ बाहेर, शेपूट सैल, मधेच जमीन हुंगतीय, तर काही नाही, बघू दे. तोंड गपकन मिटलं, कान पुढे, मान खाली, वजन पुढच्या पायांवर, एखादा पाय उचललेला आणि सगळं अंग थिजलं, की खेळ दबा धरण्यापर्यंत आलाय. त्याच्या आधीच्या क्षणाला हाक मारायची. त्या क्षणाच्या नंतर मारलेली हाक तिला ऐकूच जात नाही आणि नाव वाया जातं. खरं सांगायचं तर या दोरीचा सगळ्यात मोठा उपयोग मला झाला, कारण हातात दोरी आहे म्हटल्यावर मोबाईल खिशात राहतो आणि नजर कुत्र्यावर. नुसती फेन्सिंग करून बसले असते तर तिचं हे तोंड मिटणं कधी दिसलंच नसतं मला.

वापरायची पद्धत, जी आम्हाला लागू पडली ती. सुरुवात कोंबड्यांपासून इतक्या लांब की पिल्लू त्यांना बघतं पण त्याला खाऊही घ्यावासा वाटतो. खाऊ नाकारला किंवा हाताला ओरबाडून घेतला तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे या. त्याने कोंबडीकडे बघितलं की लगेच "शाब्बास", आणि खाऊ. परत बघितलं, परत शाब्बास. हे ऐकायला उलटं वाटतं, बघितल्याबद्दल बक्षीस कशाला, पण थोड्याच वेळात असं होतं की ते कोंबडीकडे बघतं आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघतं, की दिसली बरं का, आण. हेच हवंय. कोंबडी दिसली की माणसाकडे वळायचं, ही सवय. तिथून अंतर हळूहळू कमी. आणि थोडाच वेळ, पिल्लू कंटाळायच्या आत थांबायचं, तुम्ही वैतागायच्या तर कितीतरी आधी.

खाऊ जमिनीवर टाकू नका. सगळीकडे लिहिलेलं असतं की खाऊ गवतात विखरा, कुत्र्याचं नाक खाली जातं, डोकं शांत होतं. बरोबर आहे, कोंबड्या नसतील तर. कोंबड्या असतील तर त्या लांबून धावत येतात, पिल्लाच्या नाकासमोरचा खाऊ टिपून नेतात आणि तुमचं सगळं अंतराचं गणित एका क्षणात संपतं. वर पिल्लू खाऊवरून गुरगुरायला शिकलं तर तो वेगळा उपद्व्याप. हातातूनच द्या. आणि लाइनचं मोकळं टोक हलताना दिसलं की कोंबड्या त्यालाही किडा समजून टोचतात, हे एक गंमत म्हणून, कोटिंगवर बारीक खुणा पडल्यात पण फाटलं नाही कुठे.

अजून एक जे कुणी सांगत नाही. कोंबडी ही एक गोष्ट नाही. शांतपणे उकरणारी कोंबडी वेगळी, धुळीत अंग घुसळणारी वेगळी (ती पडून पाय झाडते, पिल्लाला वाटतं मेली का काय), सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर एकदम बाहेर उडणारा घोळका तर फारच वेगळा. एका प्रकारात पास झालेलं पिल्लू दुसऱ्यात सपशेल नापास होतं. सकाळचं दार उघडणं हा सगळ्यात अवघड पेपर, तो सगळ्यात शेवटी. आणि कोंबडीची बारकी पिल्लं, त्यांचं ते चिवचिवणं, ते ऐकून भल्याभल्या शहाण्या कुत्र्यांचे कान उभे राहतात. मोठ्या कोंबड्यांबरोबर नीट वागतो म्हणून पिल्लांजवळ नेऊ नका, तिथे परत लाइन, परत लांबून सुरुवात.

कोंबड्यांच्या बाजूनेही बघायला हवं. कुत्र्याने चावा घेतला नाही, नुसतं पळवलं तरी त्यांना मोठा धसका बसतो, अंडी कमी होतात, आणि धसक्याने कोंबडी मरतेही. चावलं तर पिसांखाली दातांची बारीक भोकं असतात जी वरून दिसत नाहीत आणि आतून चिघळतात, त्यामुळे "सोडवली, काही झालं नाही" असं म्हणायच्या आधी पिसं बाजूला करून बघा. उलट बाजूने पिल्लालाही धोका आहे. पिल्लंवाली कोंबडी किंवा तापट कोंबडा सरळ तोंडावर येतो, कोंबड्याच्या पायाला मागे जे टोकदार हाड असतं ते डोळ्याला लागू शकतं. काही लोक म्हणतात एकदा कोंबड्याने झोडपू दे, आयुष्यभर शहाणा होईल. मला नाही पटत. घाबरलेलं पिल्लू उद्या मोठं होतं आणि भीतीपोटीही चावतात कुत्रे.

आता हुक. लाइन एक नंबर आणि तिला लावलेला हुक असा की ज्याने डिझाइन केला त्याने कुत्रा पाळलेला नसावा. हलक्या झिंकचा, फिरकी जड, आत माती गेली की अडकते आणि मग दोरीला पीळ बसत जातो. स्प्रिंग ढिली पडली तेव्हा मी काढून टाकला आणि पितळी फिरकीचा लावला, तेव्हापासून त्रास नाही. एवढ्या चांगल्या पट्टीला असला हुक लावणं म्हणजे कंजुषी आहे, अर्धा स्टार त्याचाच. दुसरं म्हणजे हाताकडच्या टोकाला पट्टीचीच कडी, म्हणजे हात घालायचा फास, शिवून देतात. धरायला बरी वाटते पण दोरी सोडून दिली आणि पिल्लू पळालं की ती कडी मुळात, खुंटात, कशातही अडकते आणि पिल्लू हिसका बसून उलटं पडतं. कडी नसलेली मिळते ती घ्या, नसेल तर कापून टाका. आणि ही कॉलरला लावायची नाही, कधीच नाही. छातीचा हार्नेस, पाठीवरच्या कडीला. १० मीटरची धाव मानेवर थांबली तर काय होईल याचा विचार करा.

लाइन लावून पिल्लू एकटं सोडू नका, हे वेगळं सांगायला नको पण सांगते. गुरफटतं. घरात जाताना काढायची. आणि दात येण्या-पडण्याच्या काळात, साधारण ३ ते ७ महिन्यांचं असताना, ते जे दिसेल ते चावतं, त्यात ही पण आली. बायोथेन चावून तुटतंच, "न तुटणारी" वगैरे जाहिरातीवर जाऊ नका.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात कारण लोक तुलना विचारतात. शॉक कॉलर: आम्हाला एका ट्रेनरने पहिल्याच भेटीत सुचवला होता, कोंबडीकडे गेला की बटण दाबा, दोन दिवसांत विषय संपेल. अडचण अशी की झटका कशाबद्दल बसला हे कुत्रा ठरवतो, तुम्ही नाही. त्या क्षणी तो कोंबडीकडे बघत असेल तर कोंबडी म्हणजे दुखणं, आणि मग एकतर भीती किंवा राग, दोन्ही वाईट. आणि कॉलर उतरला, बॅटरी संपली की काय. वेल्समधे २०१० पासून कुत्र्या-मांजरांवर हे वापरायला बंदी आहे, आणि प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मधे बक्षीस देऊन शिकवण्याच्याच बाजूने भूमिका जाहीर केली. त्या ट्रेनरला परत बोलावलं नाही. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा जुना उपाय पण एकाने सांगितला, तो करून काहीही शिकत नाही, सडकं मांस आणि जंतू मात्र गळ्यात. मझल: जाळीदार, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं असं असेल तर जादाची काळजी म्हणून ठीक, पण पंजाने दाबूनही कोंबडी मरते हे लक्षात असू द्या.

जाळीचं मात्र मनावर घ्या, ती दोरीला पर्याय नाही, जोडी आहे. दोरी तुम्ही हजर असतानाची, जाळी नसतानाची. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवायला आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही, ठरवलं तर ती दातांनी फाडतात. वेल्ड केलेली बारीक चौकोनी भोकांची घ्या, आणि खाली बाहेरच्या बाजूला निदान ३० सेंटीमीटर जमिनीवर आडवी पसरून दगडाने दाबा, कारण कुत्रा कडेलाच उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

कोंबड्यांचं खाद्यही जाळीच्या आतच ठेवा. काही खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात जी कुत्र्याला विषारी आहेत, पिशवी फोडून खाल्लं तर सरळ डॉक्टर. आणि शिट खाणं, जे प्रत्येक पिल्लू आवडीने करतं. कोंबड्यांचा कॉक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) कुत्र्याला लागत नाही, तो प्रकार वेगळा असतो, पण साल्मोनेला (जुलाब करणारा जंतू) मात्र येऊ शकतो आणि तेच तोंड तुमच्या पोराच्या गालाला लागतं. इथे लाइन कामाची आहे, नाक खाली गेलं की पुढे चालू पडायचं, ओढायचं नाही, आपण चालायला लागलो की ते येतं.

किती दिवस वापरायची, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ३ ते १२-१४ आठवड्यांत पिल्लाचं डोकं नवीन गोष्टी सहज स्वीकारतं, तेव्हा कोंबड्या लांबून, शांतपणे, रोज दिसल्या तर फार फरक पडतो. पण त्यावर विसंबून दोरी काढू नका. ६ महिन्यांनंतर दीड वर्षापर्यंत तेच गुणी पिल्लू वयात येतं आणि ऐकलेलं सगळं विसरल्यासारखं करतं, आणि नेमकं तेव्हाच लोक "आता शिकलाय" म्हणून दोरी कपाटात टाकतात. राखणीच्या जातीसुद्धा याला अपवाद नाहीत. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळ मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोटे पेंग्विन इतके खाल्ले की २००५ मधे १० सुद्धा मोजायला मिळेनात, मग २००६ पासून तिथे मरेम्मा कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विन परत वाढले. ती कल्पना तिथल्याच एका मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याची, त्याच्याकडे मरेम्मा कोंबड्या राखायचे. हे वाचून लोक पिल्लू आणतात आणि थेट कोंबड्यांत सोडतात. राखणीच्या जातीचं पिल्लूही वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत दांडगाईच करतं, मारायला नाही तर खेळायला धरतं, कोंबडीला त्याने काय फरक पडतो.

आमच्याकडे पायरी पायरीने झालं. आधी लाइन हातात, मग हातातून सोडून जमिनीवर पण माझा पाय पोचेल इतकी, मग तीच कापून छोटी केलेली, नुसती मागे लोंबणारी. जमिनीवरच्या लाइनवर पाय देऊन थांबवणं हे हाताने पकडण्यापेक्षा सोपं आहे, पण दणकट बूट हवेत.

कुणी घेऊ नये तेही लिहिते. ज्या मोठ्या कुत्र्याने आधीच कोंबडी मारलीय त्याच्यासाठी फक्त ही घेऊन भागणार नाही, तिथे पक्की जाळी आणि दोघांच्या वेळा वेगळ्या, कदाचित कायमच्या. झिपरीसुद्धा आता कोंबड्यांत पसरून झोपते पण मी घरात गेले की तीही घरात येते, यावर आमच्यात चर्चा नाही. ज्यांना रोज थोडा वेळ बाहेर उभं राहायला जमणार नाही त्यांनीही घेऊ नका, खुंटीवर लटकत राहील.

रंग केशरी किंवा पिवळा घ्या. हिरवी आणि तपकिरी फोटोत छान दिसते पण गवतात पडली की सापडत नाही, आणि घाईत पाय द्यायला गेलं की बाजूला पडतो.